वॉर्डातल्या मृत्यूंची टक्केवारी : छेदात नेमकं कोणाला धरायचं?

अबोली_सिस्टर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी ग्रामीण भागातल्या एका रुग्णालयात मेडिसिन वॉर्डाची इनचार्ज आहे. दर महिन्याला जो अहवाल वर पाठवतो त्यात ‘मृत्यूंचे प्रमाण (टक्के)’ असा एक रकाना असतो. सूत्र कुठेच छापलेलं नाही. जूनचे आकडे देते. कुणाला ओळखू येऊ नयेत म्हणून थोडे फिरवलेत, पण बेरीज-वजाबाकी जुळते.

१ जूनला आधीपासून वॉर्डात असलेले : २२
जूनमध्ये नव्याने दाखल : २४०
बरे होऊन घरी : १७२
रेफर (पुढच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलेले) : २९
डामा (सल्ला न मानता नेलेले) आणि न सांगता गेलेले : १८
मृत्यू : १२
३० जूनला रात्री शिल्लक : ३१

आता मजा बघा. आमचे आर.एम.ओ. (निवासी वैद्यकीय अधिकारी) १२ भागिले २४० करतात, म्हणजे ५ टक्के. रेकॉर्डचा क्लार्क म्हणतो की जूनमध्ये वॉर्डातून बाहेर पडलेले एकूण २३१, म्हणून १२ भागिले २३१, ५.२ टक्के. नव्याने बदलून आलेला ब्रदर म्हणतो, आपण सांभाळलेले पेशंट २२ अधिक २४०, म्हणजे २६२, तर ४.६ टक्के. आणि ट्रेनिंग घ्यायला आलेल्या मॅडमचं म्हणणं असं की रेफर आणि डामावाल्यांचं पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊकच नाही, मग त्यांना धरायचं कशाला? १२ भागिले १८४, साडेसहा टक्के.

भागाकार चौघांचेही बरोबर आहेत. सही मात्र मला एकाच आकड्याखाली करायची आहे. जाणकारांनी सांगावं.

चहाबाज

शेजारच्या वॉर्डाचा आकडा विचारा आणि त्यापेक्षा पॉइंट एकने कमी लिहा. (हलके घ्या.)

डॉ_रानमेवा

अबोलीताई, तुमचा क्लार्क बरोबर आहे, त्याला माझ्यातर्फे एक चहा पाजा.

रुग्णालयाच्या सांख्यिकीत ‘ग्रॉस डेथ रेट’ काढताना छेदात त्या काळात बाहेर पडलेले सगळे धरतात, मृत्यूंसह. १२ भागिले २३१ गुणिले १००, ५.२ टक्के. शिल्लक ३१ जणांचा निकाल अजून लागलेला नाही. ते बरे होऊन जातील, रेफर होतील किंवा दगावतील, जे होईल ते जुलैच्या हिशोबात येईल. त्यांना आत्ताच छेदात धरलं की ‘हे वाचले’ असं न बोलता म्हटल्यासारखं होतं. ब्रदरचा ४.६ म्हणूनच कमी दिसतो.

आणखी एक ‘नेट डेथ रेट’ असतो. त्यात दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत गेलेले अंशातूनही वजा करतात आणि छेदातूनही. तुमच्या १२ पैकी असे किती?

अपूर्णांक

गणिताचा निवृत्त मास्तर म्हणून तोंड घालतो. वैद्यकातलं मला शष्प कळत नाही, पण टक्केवारीची अट एकच असते : अंशातला प्रत्येक माणूस छेदातही असला पाहिजे. आर.एम.ओ. साहेबांच्या २४० मध्ये फक्त जूनमध्ये आलेले आहेत. जूनमध्ये गेलेल्या १२ जणांपैकी कुणी मेपासूनच वॉर्डात होता का? असेल तर तो अंशात आहे आणि छेदात नाही. मग त्याला टक्केवारी म्हणता येत नाही, दोन आकड्यांचा नुसता भागाकार होतो. उद्या नवीन दाखल शून्य आणि जुन्यांपैकी दोन गेले, तर काय कराल? दोन भागिले शून्य?

मोरपिशी

वाचतेय. मी जी.एन.एम. (नर्सिंगची पदविका) तिसऱ्या वर्षाला आहे, आम्हाला हे सूत्र पाठ करायला लावलं होतं, पण का ते आज कळलं.

अबोली_सिस्टर

@डॉ_रानमेवा, पाच. दोन सर्पदंश, दोन विषारी औषध प्यायलेले आणि एक मेंदूत रक्तस्राव. पाचही जण पहिल्या दिवसातच गेले.
@अपूर्णांक, हो, १२ पैकी तिघे मेमध्ये दाखल झालेले होते.

डॉ_रानमेवा

मग नेट : १२ वजा ५ म्हणजे ७, भागिले २३१ वजा ५ म्हणजे २२६. ३.१ टक्के.

चहाबाज

म्हणजे एकाच रजिस्टरातून ३.१, ४.६, ५, ५.२ आणि ६.५. मंडईत भाव करताना एवढी रेंज मिळत नाही.

तिरफळ

डॉक्टर, नेटवाल्या आकड्यावर माझा राग आहे. वीस वर्षांहून जास्त काळ कॅज्युअल्टीत काढलाय म्हणून बोलतो. ‘४८ तासांत गेला म्हणजे आला तेव्हाच हाताबाहेर होता’ हे गृहीतक ज्या काळात मांडलं गेलं, तेव्हा ठीक असेल. साप चावलेला माणूस पहिल्या काही तासांतच वाचतो किंवा जातो. प्रतिविष वेळेवर लागलं का, श्वास बंद पडत असताना नळी घालणारा माणूस ड्युटीवर होता का, हीच तर रुग्णालयाची परीक्षा. ती वजा केली की उरलं काय? सलाईन लावून चार दिवस झोपलेले पेशंट.

जूनमध्ये तर हे जास्तच. पेरण्या, पाऊस, साप, फवारणीचं औषध घरात. नेट ३.१ लिहिला तर वर बसलेल्याला हे काहीच दिसणार नाही.

डॉ_रानमेवा

तुमच्या रागाशी सहमत, निष्कर्षाशी अर्धवट. नेट हा ग्रॉसच्या जागी लिहायचा नसतोच, शेजारी लिहायचा असतो. ५.२ आणि ३.१ यांतली मोठी दरी दिसली की बघणाऱ्याने विचारायला हवं की पहिल्या दोन दिवसांत काय चाललंय. त्या पाच जणांचे केसपेपर वेगळे काढून डेथ ऑडिटला ठेवावेत, हे तर हवंच. एकटा नेट पाठवणं ही लबाडी, हे मान्य.

तिरफळ

‘शेजारी लिहायचा असतो’ हे पुस्तकात. फॉर्मात रकाना एकच आहे, ताईंनी वर लिहिलंय बघा.

टेम्सकाठचा_गणू

लंडनमध्ये वॉर्डात काम करतो, म्हणून इथली एक जुनी भानगड सांगायचा मोह आवरत नाही. खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचं प्रकरण आहे.

१८६३ मध्ये त्यांनी रुग्णालयांवरच्या आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत एक तक्ता छापला. लंडनमधल्या २४ रुग्णालयांचा मृत्यूदर : ९०.८४ टक्के! शंभरातले नव्वद मेले म्हणजे रुग्णालय की स्मशान? आकडे विल्यम फार यांच्याकडचे, ते इंग्लंडच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात संख्याशास्त्राचं काम बघायचे. अंशात होते १८६१ या अख्ख्या वर्षात त्या रुग्णालयांत झालेले ३,८२८ मृत्यू. आणि छेदात? त्या वर्षीच्या एप्रिलमधल्या एका दिवशी खाटांवर असलेले ४,२१४ रुग्ण. वर्षभराचे मृत्यू आणि एका दिवसाची माणसं!

लंडनचे डॉक्टर खवळले, वैद्यकीय नियतकालिकांतून जोरदार भांडण झालं. एका खाटेवर वर्षभरात दहा रुग्ण येऊन गेले असं धरलं, तरी तोच आकडा नवाच्या आसपास येतो.

मोरपिशी

काय सांगता! आम्ही दरवर्षी १२ मेला दिवा हातात घेऊन त्यांच्या नावाने शपथ घेतो.

चहाबाज

अबोलीताई, तुम्ही निर्धास्त सही करा. तुमच्याआधी मोठमोठे फसलेत.

अपूर्णांक

गणूशेठ, किस्सा झकास, पण थोडा अन्याय होतोय. टक्केवारी म्हणून तो आकडा चुकीचा, हे खरं. पण ४,२१४ ही त्या दिवशीची भरलेल्या खाटांची संख्या आहे आणि वर्षभर साधारण तेवढ्याच खाटा भरलेल्या राहिल्या असं मानलं, तर त्याचा अर्थ ‘दर शंभर भरलेल्या खाटांमागे वर्षाला ९१ मृत्यू’ असा होतो. त्याला अर्थ आहे. तो दर आहे, टक्केवारी नाही. छेदात माणसं नाहीत, माणूस-वर्षं आहेत (एक खाट वर्षभर भरलेली म्हणजे एक माणूस-वर्ष). नाव चुकीचं दिलं म्हणून गडबड झाली. फार साहेब काही कच्चे गणिती नव्हते.

टेम्सकाठचा_गणू

हो, फार यांनी बाजू मांडली ती साधारण अशीच. पण मग शेजारी टक्क्यांचं चिन्ह का टाकलं, सर?

अपूर्णांक

ते आता त्यांनाच विचारावं लागेल.

नीलांबरी

अबोलीताई, अवांतर : ३० खाटांचा वॉर्ड असेल ना? ३१ शिल्लक आहेत म्हणताय. एक जण कुठे झोपलाय?

अबोली_सिस्टर

खाली, गादी टाकून. पावसाळ्यात एक काय, पाच-सहा असतात. रात्री बाराच्या सेन्ससची (वॉर्डातल्या पेशंटच्या मोजणीची) महिन्याभराची बेरीज ९३६ आली. ३० खाटा गुणिले ३० दिवस म्हणजे ९००. खाटांचा वापर १०४ टक्के. मागे एकदा वरून फोन आला होता की शंभराच्या वर टक्के कसे येतील, दुरुस्त करून पाठवा.

तिरफळ

दुरुस्त करायला त्यांना सांगा, एक रात्र त्या गादीवर येऊन झोपा.

रानवारा

शंभराच्या वरचे टक्के आमच्याकडे पैशाला पासरी. मी उपकेंद्रात ए.एन.एम. (आरोग्यसेविका) आहे. लसीकरणाचं उद्दिष्ट गावाच्या लोकसंख्येवरून आणि जन्मदरावरून ठरवून येतं. समजा वर्षाला ८० बाळं. आता आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. मुली सातव्या-आठव्या महिन्यात येतात, बाळ दोन-तीन महिन्यांचं होईपर्यंत राहतात. जन्माचे डोस, दीड महिन्याचा डोस, कधी अडीच महिन्याचाही आमच्याकडेच होतो. मी ९२ बाळांना दिला तर झाले ११५ टक्के. आणि ती मुलगी सासरी गेली की पुढचे डोस तिकडे, मग गोवराच्या वेळी आमच्याच गावाची टक्केवारी ८० वर येते. मीटिंगमध्ये विचारतात, ‘मधली मुलं गळाली कुठे?’ गळाली नाहीत हो, सासरी गेली!

उलटी गत ऊसतोडीच्या गावांची. माझी मैत्रीण बीड जिल्ह्यात आहे. दिवाळी झाली की निम्मं गाव कारखान्यांकडे जातं, बाळं आईबरोबर फडावर. छेद गावातच राहतो आणि अंश साताऱ्या-सांगलीकडे जातो.

नीलांबरी

शेवटच्या वाक्याला दंडवत.

डॉ_रानमेवा

रानवारा, म्हणूनच आशाताईंनी घरोघर फिरून केलेली नावनिशीवार यादी हा छेद खरा, वरून आलेलं उद्दिष्ट नव्हे. शंभराच्या वर गेलेला आकडा निदान ओरडून सांगतो की छेद चुकलाय. भीती वाटते ती ९६ टक्क्यांची. तिथे ११० पैकी ७७ बाळांना लस मिळालेली असते आणि छेद ८० धरलेला असतो. सगळे टाळ्या वाजवतात. खरा आकडा ७० टक्के.

पोपटलाल_नाही

टक्केवारीचा विषय निघालाच आहे तर विचारून घेतो. वडिलांचा टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला. रिपोर्टात ई.एफ. ६० टक्के आलं. म्हणजे हृदय ४० टक्के निकामी का? घरात सुतकी वातावरण आहे. डॉक्टरांची वेळ परवाची मिळाली आहे.

डॉ_रानमेवा

सुतक सोडा, शिरा करा. ६० हा आकडा उत्तम आहे.

हृदयाचा डावा कप्पा भरतो तेव्हा त्यात समजा १२० मिली रक्त असतं. आकुंचन पावल्यावर ५० मिली आतच राहतं. बाहेर गेलं ७०. सत्तर भागिले एकशेवीस, ५८ टक्के. हाच तो ई.एफ. निरोगी माणसातही कप्पा पूर्ण रिकामा होत नाही, साधारण ५५ ते ७० असतो. शंभर टक्के कुणाचाच नसतो. बाकी रिपोर्ट परवा डॉक्टरांना दाखवाच.

पोपटलाल_नाही

खूप खूप आभार! बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘फर्स्ट क्लासात पास झालो म्हण की.’

चहाबाज

हसून हसून पुरेवाट. बाबांना सलाम.

मोरपिशी

माझीही एक शंका, हसू नका. परीक्षेत आलं होतं : ५ टक्के हायपोपासून (जंतुनाशक हायपोक्लोराइट) १ टक्का हायपो बनवा. मी १ भाग हायपो आणि ४ भाग पाणी लिहिलं. मैत्रीण म्हणते १ भागाला ५ भाग पाणी. वादावादी चालू आहे.

अबोली_सिस्टर

तुझं बरोबर. एकूण पाच भाग व्हायला हवेत. एकाला पाच पाणी घातलंस तर एकूण सहा होतात आणि ते ०.८३ टक्के येतं. सलाईनचंही तसंच लक्षात ठेव : ५ टक्के डेक्स्ट्रोज म्हणजे १०० मिलीत ५ ग्रॅम, म्हणून ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम. २ टक्के लिग्नोकेन (भुलीचं औषध) म्हणजे १०० मिलीत २ ग्रॅम, म्हणजे एका मिलीत २० मिलिग्रॅम. हे शेवटचं तोंडपाठ हवं. तिथे शून्य चुकलं तर रजिस्टर दुरुस्त करून भागत नाही.

नीलांबरी

बाळाच्या वजनाचंही सांगा कुणीतरी. आमच्या वॉर्डात रोज रणकंदन असतं. जन्मतः २.९ किलो, तिसऱ्या दिवशी २.७. आजी म्हणते पाव किलो बाळ आटलं, वरचं दूध द्या.

डॉ_रानमेवा

२०० ग्रॅम भागिले २९००, ६.९ टक्के. पहिल्या काही दिवसांत एवढी घट सर्रास होते. १० टक्क्यांकडे जायला लागली तर नीट बघायचं : बाळ छातीला व्यवस्थित लागतंय का, लघवी किती वेळा होतेय. आजींना एवढंच सांगा की बहुतेक बाळं दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतात.

अपूर्णांक

यातली एक गोम मुलांना हमखास फसवते. २.९ वरून २.७ झालं, घट ६.९ टक्के. तेच बाळ २.७ वरून २.९ झालं तर वाढ ७.४ टक्के. ग्रॅम तेवढेच, छेद बदलला.

घाशीराम_नव्हे

इथे सगळे सरकारी रुग्णालयाच्या टक्क्यांवर चर्चा करताय, पण खरा घोटाळा खासगीत आहे. सरकारच्याच पाहणीत आलंय : खासगीत ४७ टक्के बाळंतपणं सिझेरियनने, सरकारीत १४ टक्के. म्हणजे देशात सरासरी ३१ टक्के बायकांची पोटं फाडली जातात!

नीलांबरी

पहिले दोन आकडे बरोबर, तिसरा चूक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) खासगीत ४७.४ आणि सरकारीत १४.३ टक्के आहे. पण देशाचा एकूण आकडा २१.५ टक्के आहे, ३१ नाही.

घाशीराम_नव्हे

४७ अधिक १४ भागिले २. चौथीतलं गणित आहे ताई.

नीलांबरी

चौथीतलं आहे, म्हणूनच चुकतंय. दोन्हीकडे सारखीच बाळंतपणं झाली असती तरच हे चाललं असतं. त्याच पाहणीप्रमाणे दर १००० जन्मांपैकी ६१९ सरकारी संस्थांत, सुमारे २६७ खासगीत आणि उरलेले ११४ घरी. ६१९ चे १४.३ टक्के म्हणजे ८८-८९ सिझेरियन. २६७ चे ४७.४ टक्के म्हणजे १२६-१२७. घरी शून्य. बेरीज २१५. हजारात २१५ म्हणजे २१.५ टक्के. बसलं ना?

आणि फक्त दवाखान्यातली बाळंतपणं धरायची असतील तर २१५ भागिले ८८६, सव्वाचोवीस टक्के. तेव्हा ‘देशात सिझेरियन किती’ असं कुणी विचारलं तर आधी विचारायचं, घरची बाळंतपणं धरू का नको?

घाशीराम_नव्हे

बरं, २१.५ तर २१.५. खासगीत ४७ आहेत हे तर खरंच ना? निम्म्या बायकांना अचानक काय झालं?

नीलांबरी

तो मुद्दा खरा आहे आणि गंभीर आहे. म्हणूनच त्याला चुकीच्या बेरजेची गरज नाही.

तिरफळ

पूर्ण खरा नाही. खासगीत जाणाऱ्या बायका वेगळ्या असतात. शहरी, वयाने जरा मोठ्या, आधीचं सिझेरियन झालेल्या. सगळा फरक त्याने भरून निघेल असं मी म्हणत नाही, पण दोन टक्केवाऱ्या शेजारी ठेवून लगेच फाशी देऊ नका.

अपूर्णांक

तिरफळ यांचा मुद्दा गणितात फार सुंदर दिसतो. मुतखड्याचं उदाहरण आहे, १९८६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेलं. माझी मुलगी संख्याशास्त्र शिकवते, तिच्याकडून ऐकलं आणि आकडे पाठच झाले.

उघडी शस्त्रक्रिया : ३५० पैकी २७३ यशस्वी, ७८ टक्के. पाठीतून छोटं छिद्र पाडून : ३५० पैकी २८९, ८३ टक्के. झालं, छिद्रवाली चांगली. आता खडे लहान-मोठे वेगळे करा. लहान खडे : उघडी ८७ पैकी ८१, म्हणजे ९३ टक्के, छिद्रवाली २७० पैकी २३४, म्हणजे ८७. मोठे खडे : उघडी २६३ पैकी १९२, म्हणजे ७३, छिद्रवाली ८० पैकी ५५, म्हणजे ६९. लहानांत उघडी पुढे, मोठ्यांत उघडी पुढे, एकत्र केल्यावर मात्र मागे!

कारण अवघड, मोठे खडे सर्जन लोक उघड्या शस्त्रक्रियेला पाठवत होते. बेरीज तपासून बघा, एकही आकडा खोटा नाही.

मोरपिशी

तीनदा तपासलं. खरंच आहे. डोकं गरगरलं.

टेम्सकाठचा_गणू

मग टक्केवारीची तुलना करायचीच नाही का कधी?

डॉ_रानमेवा

करायची की. व्हिएन्नाचं उदाहरण घ्या. एकाच रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग. १८४६ मध्ये पहिल्यात ४,०१० पैकी ४५९ माता दगावल्या, ११.४ टक्के. दुसऱ्यात ३,७५४ पैकी १०५, म्हणजे २.८. इथे तुलना चालते, कारण कोणत्या विभागात जायचं ते आजाराच्या गंभीरपणावर नव्हतं, वारावर होतं. एक दिवस या विभागात भरती, दुसऱ्या दिवशी त्या. बायका दोन्हीकडे सारख्याच. मग फरक उरला तो हात लावणाऱ्यांचा. पहिल्या विभागात वैद्यकीचे विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच यायचे, दुसऱ्यात सुइणी शिकायच्या. १८४७ मध्ये तिथले डॉक्टर सेमेलवाइस यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि पहिल्या विभागाचा आकडा खाली आला.

आता हेच आपल्याकडे लावा. अबोलीताईंच्या वॉर्डाचा ५.२ आणि जिल्ह्याच्या सिव्हिलचा समजा १०. सिव्हिल वाईट का? ताईंनी रेफर केलेले २९ जण गेले कुठे? सिव्हिललाच. त्यांच्यातले जे दगावले ते सिव्हिलच्या अंशात बसले, आणि ताईंच्या छेदात ‘बाहेर पडले’ म्हणून राहिले.

अपूर्णांक

आणि इथेच ट्रेनिंगच्या मॅडमना जरा न्याय द्यायला हवा, सगळ्यांनी त्यांना वाऱ्यावर सोडलंय. त्या म्हणतात रेफर आणि डामा असे ४७ जण वगळा, कारण निकाल माहीत नाही. शंका अगदी रास्त. उपाय मात्र फसतो, कारण वगळणं म्हणजे ‘या ४७ मध्येही उरलेल्यांइतकेच मृत्यू झाले असतील’ असं गुपचूप मानणं. खरं तर एवढंच म्हणता येतं की ४७ पैकी कुणीच गेलं नसेल तर ५.२ टक्के आणि सगळे गेले असतील तर ५९ भागिले २३१, साडेपंचवीस. खरा आकडा मधे कुठेतरी.

कोविडच्या सुरुवातीला हेच भांडण रोज टीव्हीवर चालायचं. कुणी मृत्यूंना एकूण बाधितांनी भागायचं, कुणी फक्त निकाल लागलेल्यांनी. एकाचा आकडा धीर द्यायचा, दुसऱ्याचा झोप उडवायचा.

तिरफळ

डामाच्या १८ जणांबद्दल एक बोलतो. त्यातले काही बरं वाटलं म्हणून पळतात, पेरणी थांबत नाही. पण काहींना नातेवाईक ‘आता घरी नेतो, शेवट घरात होऊ दे’ म्हणून नेतात. कागदावर ते डिस्चार्ज असतात. रजिस्टरात तसा शेरा लिहायला जागा नसते, पण वॉर्डातल्या मावशींना विचारा, त्या अचूक सांगतील कोणते कोण.

अबोली_सिस्टर

हे मात्र शंभर टक्के खरं. (छेद विचारू नका.)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढी चर्चा होईल असं वाटलं नव्हतं. आज आर.एम.ओ. सरांपुढे रजिस्टर घेऊन बसले. मेमधले तिघे दाखवल्यावर ते लगेच म्हणाले, क्लार्कचंच सूत्र घ्या. रकान्यात ५.२ लिहिलं. खाली शेऱ्यात पेनने लिहिलं : ‘छेद : महिन्यातील एकूण डिस्चार्ज, मृत्यू धरून, २३१. पैकी रेफर २९, डामा इ. १८. ४८ तासांच्या आतील मृत्यू ५. नेट ३.१.’ सर म्हणाले, एवढं कोण वाचणार? मी म्हटलं, शाई आपलीच आहे.

घाशीराम_नव्हे

ताई, मागच्या महिन्यांचे आकडे कोणत्या सूत्राने गेलेत? नाहीतर जूनमध्ये एकदम मृत्यू वाढले म्हणून तुमच्यावरच चौकशी लागायची.

अबोली_सिस्टर

बरं आठवण केलीत. जानेवारीपासूनचे सगळे पुन्हा काढून सोबत जोडणार आहे. सहामाहीचा आकडा काढताना सहा टक्केवाऱ्यांची सरासरी नाही घेणार, नीलांबरीताई. सहा महिन्यांचे मृत्यू आणि सहा महिन्यांचे डिस्चार्ज वेगवेगळे बेरजेला घेऊन मगच भागणार.

नीलांबरी

शाब्बास!

मोरपिशी

शेवटची शंका, मग अभ्यासाला बसते. वॉर्डातून आय.सी.यू.त हलवलेला पेशंट तिथे गेला, तर मृत्यू कोणाच्या खात्यात?

डॉ_रानमेवा

रुग्णालयाच्या आकड्यात तो एकदाच मोजायचा. मधलं हलवणं म्हणजे डिस्चार्ज नव्हे. वॉर्डनिहाय काढायचं असेल तर वॉर्डाच्या हिशोबात ‘अंतर्गत बदली’ असा वेगळा रकाना करायचा आणि मृत्यू आय.सी.यू.च्या खात्यात. नाहीतर सगळ्या वॉर्डांची बेरीज केली की डिस्चार्ज खऱ्यापेक्षा जास्त निघतात आणि एम.आर.डी.वाले (रेकॉर्ड विभागातले) महिनाअखेरीला ते जादा पेशंट शोधत बसतात.

चहाबाज

सापडले तर आमच्याकडे पाठवा, शेजारच्या वॉर्डात एक गादी रिकामी आहे म्हणे.